भिंत राखाडी का झाली?

तालुक्याच्या गावाबाहेर वाढणाऱ्या कोणत्याही नव्या वसाहतीत एक दृश्य हमखास दिसते. दुमजली घर उभे आहे, खिडक्यांना गज बसले आहेत, गच्चीवर पाण्याची टाकी चढली आहे, माणसे राहायलाही आली आहेत. बाहेरचा गिलावा मात्र तसाच, सिमेंटच्या रंगाचा. रंगाचे काम ‘पुढच्या दिवाळीला’. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, सरळ पांढरा रंग द्या. कोणाला दर्शनी भागावर दगडाच्या पातळ फरश्या लावायच्या असतात. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, राखाडीच राहू द्या, हल्ली तेच बरे दिसते.

या चर्चेत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही भिंत मुळात राखाडी का? सिमेंट चुनखडी आणि चिकणमाती भाजून करतात, हे आपण वर्गात शिकवतो. चुनखडी पांढरी किंवा फिकट असते. चिकणमाती भाजली की विटेसारखी तांबडी होते. पांढरे आणि तांबडे एकत्र भाजून राखाडी कसे होते? आणि ज्या माणसाने या पदार्थाला आजचे नाव दिले, त्याला तरी हा रंग हवा होता का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याला दगड हवा होता, निदान दगडाचे सोंग तरी.

दगडाचे सोंग

ही कथा सुरू होते समुद्रात. इंग्लंडमधील प्लिमथ बंदरासमोर भर समुद्रात एडिस्टोन नावाचा खडक आहे. तेथे दीपगृह बांधण्याचे काम जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आले. भरतीच्या लाटा ज्या बांधकामावर आदळणार, त्याच्या सांध्यांत साधा चुना टिकणार नव्हता. साधा चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश कडक होतो. पाण्याखाली त्याला ती संधीच मिळत नाही. स्मीटनने १७५६ साली ठिकठिकाणचे चुने आणवून त्यांचे गोळे करून पाण्यात ठेवले आणि कोणता गोळा टिकतो ते पाहिले. चुनखडी जितकी कठीण व शुभ्र तितका चुना चांगला, अशी जुन्या काळापासूनची समजूत होती. स्मीटनला दिसले ते निराळेच. पाण्यात उत्तम टिकणारा चुना एका मळकट निळसर चुनखडीचा होता. तिचा तुकडा त्याने नायट्रिक आम्लात विरघळवला, तेव्हा तळाशी गाळ उरला. तो गाळ चिकणमातीचा होता. म्हणजे ज्याला आजवर अशुद्धी म्हणत, त्या मातीमुळेच चुना पाण्यात घट्ट होत होता. दीपगृह १७५९ साली उजळले.

हा प्रयोग शाळेत करता येतो. दख्खनच्या काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी कंकर सापडतात, मळकट पांढरे, वेडेवाकडे खडे. असा एक खडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावा. फसफसणे थांबले की तळाशी चिखल उरतो. स्मीटनला एवढ्या खटपटीने जो चुना शोधावा लागला, त्याचाच हा नातेवाईक. आपल्याकडचे गवंडी कंकर भाजून केलेला चुना विहिरी, बंधारे, वाडे यांना पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. त्यांनी त्याचे कारण लिहून ठेवले नाही, इतकेच.

पाण्याखालच्या कामासाठी लागलेला हा शोध थोड्याच वर्षांत घरांच्या भिंतींवर चढला. त्याचे कारण हौस. लंडनच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, तिथली घरे विटांची. श्रीमंताचे घर मात्र दगडाचे दिसायला हवे! जेम्स पार्करने १७९६ मध्ये एका नव्या सिमेंटचे पेटंट घेतले. टेम्स नदीच्या मुखाजवळच्या चिकणमातीत चुनखडीयुक्त गोटे सापडत. ते भाजून व दळून हे सिमेंट होई. रोमन लोकांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी ते ‘रोमन सिमेंट’ या नावाने खपले. ते काही मिनिटांतच घट्ट होई, त्यामुळे गवंड्याला भराभर हात चालवावा लागे. त्याचा रंग होता तपकिरी.

वास्तुविशारद जॉन नॅश याने १८२० च्या दशकात लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती घरांच्या ज्या भव्य रांगा उभ्या केल्या, त्या लांबून संगमरवरी राजवाड्यांसारख्या दिसतात. आत विटा आहेत, वर गिलावा. ओल्या गिलाव्यावर रेघा ओढून घडीव दगडांचे खोटे सांधे काढत आणि भिंतीला बाथ गावच्या मधाळ रंगाच्या दगडासारखा रंग देत. नॅशच्या या गिलाव्याची त्या काळच्या नियतकालिकांत पुष्कळ टिंगलही झाली. उद्यानाच्या एका कडेला त्याने १८२४ पासून पार्क व्हिलेज नावाची लहान सुट्या बंगल्यांची वसाहतही आखली. पुढे जगभर ज्या उपनगरी बंगल्यांच्या वसाहती झाल्या, त्यांची ही एक आजी म्हणता येईल.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १८२४ रोजी, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याला पेटंट मिळाले. पेटंटचे शीर्षक ‘कृत्रिम दगड तयार करण्याच्या पद्धतीतील सुधारणा’ अशा अर्थाचे आहे. हा पदार्थ कशासाठी, तर इमारतींना गिलावा करण्यासाठी, पाण्याच्या कामांसाठी आणि टाक्यांसाठी. गिलावा पहिला आहे, हे ध्यानात घ्यावे. पूल, धरणे, गगनचुंबी इमारती यांचा पेटंटात मागमूस नाही. चुनखडीही खाणीतलीच हवी असा आग्रह नव्हता. रस्त्यांवर पसरलेल्या चुनखडीचा चिखल किंवा धूळ गोळा करून चालेल, असे त्यात म्हटले आहे. चुनखडी भाजायची, चिकणमातीत कालवायची, पुन्हा भाजायची आणि दळायची. या पदार्थाचे नाव त्याने ठेवले ‘पोर्टलंड सिमेंट’. पोर्टलंड हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ठिकाण. तिथला फिकट, पांढुरका दगड हा लंडनमधला सर्वांत प्रतिष्ठित दगड. सेंट पॉल कॅथिड्रल त्याचेच आहे. म्हणजे आज सिमेंटच्या पोत्यावर जे नाव छापलेले दिसते, तो एका रंगाचा आणि दिमाखाचा दावा होता.

ॲस्पडिनचे सिमेंट आजच्यासारखे नव्हते, कारण त्याची भट्टी पुरेशी तापत नसे. १८४० च्या दशकात त्याचा मुलगा विल्यम आणि स्पर्धक कारखान्यातील आयझॅक जॉन्सन यांनी पाहिले, की जास्त भाजल्यामुळे अर्धवट वितळून घट्ट झालेले जे गोटे आजवर फेकून देत, तेच दळले तर सिमेंट कितीतरी मजबूत होते. ही खरी क्रांती. पण भट्टी तापली तसा रंगही बदलला, आणि पोर्टलंड दगडाशी असलेले उरलेसुरले साम्य संपले.

लोखंडाचा हात

सिमेंटच्या भट्टीत तापमान सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत जाते. चुनखडीतील कॅल्शियम आणि मातीतील सिलिका यांच्यापासून कॅल्शियमची दोन सिलिकेटे तयार होतात. सिमेंटला ताकद येते ती मुख्यत्वे यांच्यामुळे. ही दोन्ही संयुगे शुद्ध स्वरूपात पांढरी असतात. मातीत ॲल्युमिना आणि आयर्न ऑक्साइडही असते. हे दोघे भट्टीत लवकर वितळतात आणि त्या रसात सिलिकेटे सहज घडतात. तव्यावर तेल असले की पोळी नीट भाजते, तसे काहीसे म्हणा. थंड होताना या रसातून लोहयुक्त संयुग वेगळे होते. सिमेंटमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के असते. ते शुद्ध असेल तर तपकिरी दिसते. पण चुनखडीबरोबर थोडे मॅग्नेशियम आलेलेच असते. ते या संयुगात शिरले की तपकिरी रंग जाऊन हिरवट काळपट छटा येते. पांढऱ्या सिलिकेटांत ही काळपट भुकटी मिसळली की राखाडी! भिंत राखाडी होण्याचे कारण हे एवढेच आहे.

मग लोह काढून टाकावे की! तसे करतातही. लोहाचे प्रमाण सुमारे अर्ध्या टक्क्याखाली आणले की सिमेंट पांढरे होते. त्यासाठी निवडक चुनखडी आणि पांढरी चिनी माती लागते. दळताना पोलादी गोळ्यांचे कण मिसळू नयेत म्हणून वेगळे गोळे वापरावे लागतात. आणि वितळून मदत करणारे लोहच नसल्यामुळे भट्टी अधिक तापवावी लागते, म्हणजे इंधन अधिक. पांढरे सिमेंट महाग असते ते यामुळे. राखाडी रंग हा स्वस्ताईचा रंग आहे, असे म्हटले तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नाही.

दख्खनवाल्यांना याची आणखी एक गंमत सांगता येईल. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, गडद राखाडी दिसतो तोही मुख्यतः त्यातील लोहयुक्त खनिजांमुळे. कोकणातला जांभा तांबडा दिसतो तो त्याच लोहाला हवा-पाण्याने गंज चढल्यावर. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या भिंतींचे रंग आणि पोत्यातल्या सिमेंटचा रंग, तिन्ही एकाच मूलद्रव्याची करामत.

शेजारचा रंग

वर सांगितलेले १८२४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी पॅरिसमधील गोबलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. तक्रार अशी होती, की निळ्या-जांभळ्याशेजारी विणलेला काळा रंग फिका पडतो. शेव्रलने काळ्या लोकरीची तपासणी केली तर तिच्यात काहीच दोष नव्हता. दोष शेजाराचा होता. कोणताही रंग शेजारच्या रंगाच्या पूरक रंगाकडे झुकल्यासारखा डोळ्यांना भासतो, हा नियम त्याने १८३९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडला.

राखाडी रंगावर हा परिणाम फार चांगला दिसतो, कारण राखाडीला स्वतःचे रंगरूप जवळजवळ नसते. एकाच राखाडी कागदाचे दोन सारखे छोटे चौकोन कापा. एक लाल आणि एक निळ्या कार्डशीटवर ठेवा. लालवरचा चौकोन किंचित हिरवट, निळ्यावरचा किंचित पिवळसर वाटेल. वरून पातळ ट्रेसिंग पेपर टाकला तर फरक अधिक जाणवतो. मुलांना आधी चौकोन एकाच कागदाचे आहेत हे सांगू नये. वाद होऊ द्यावा.

घराच्या बाहेरच्या सजावटीतले अर्धे शहाणपण या प्रयोगात आहे. दुकानातल्या रंगपत्रिकेवर पांढऱ्या कागदाशेजारी पाहिलेला राखाडी रंग कोकणातल्या तांबड्या मातीवर हिरवट दिसणार आणि दाट झाडीशेजारी तांबूस झाक घेणार. नमुना भिंतीवरच लावून, सकाळी आणि संध्याकाळी पाहावा, असे जुने रंगारी सांगतात ते उगाच नव्हे. राखाडी भिंतीत गेरूच्या रंगाचे दार उठून दिसते, आणि तेच दार पांढऱ्या भिंतीत तितके खुलत नाही.

राखाडी दुमजली घरांचे बाहेरून काय करावे, हा प्रश्न अगदी याच शब्दांत एकदा एका नामवंत वास्तुविशारदापुढे उभा राहिला होता. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ पेसाक येथे आंरी फ्रुजेस या साखर कारखानदाराने कामगारांसाठी वसाहत बांधण्याचे काम ल कॉर्ब्युझिए याला दिले. कॉर्ब्युझिए म्हणजे पुढे चंडीगढ रचणारा तोच. सपाट छपरांची, ठोकळ्यांसारखी, दोन-तीन मजल्यांची सुमारे ५० घरे १९२६ पर्यंत उभी राहिली. ती पाहून त्याच्या स्वतःच्याच लक्षात आले, की सिमेंटची राखाडी घरे एकमेकांवर दाटल्यासारखी, गुदमरलेली वाटतात. जागा वाढवणे आता शक्य नव्हते. त्याने रंग वापरले. रांगेच्या टोकाची घरे फिकट निळी केली, म्हणजे ती दूर सरकल्यासारखी वाटतात. झाडांलगतच्या भिंती फिकट हिरव्या केल्या, त्या पानांत मिसळून गेल्या. काही भिंती भाजक्या मातीच्या रंगाच्या, काही पांढऱ्या. एकाच घराच्या दोन लगतच्या बाजूंना दोन रंग दिल्यामुळे ठोकळ्याचे वजनच हरवले.

लोकांना ते आवडले का? वसाहतीला पाणीपुरवठा मिळण्यातच काही वर्षे गेली, तोवर घरे रिकामी. नंतर आलेल्या रहिवाशांनी रुंद खिडक्या अरुंद केल्या, गच्च्यांवर उतरती छपरे घातली, रंग आपापल्या मर्जीने बदलले. फिलिप बूदों याने १९६९ साली या फेरफारांवर पुस्तकच लिहिले. पुढे मूळ रूपाकडे काही घरे परत नेली गेली आणि २०१६ मध्ये पेसाकचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. माझे मत विचाराल तर रहिवासी पूर्णपणे चुकले असे मला वाटत नाही. पाऊस पडणाऱ्या गावात उतरते छप्पर हा अडाणीपणा नव्हे.

पावसाचा मुद्दा आपल्याला तर अधिकच लागू आहे. राखाडी किंवा पांढऱ्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत काळे ओघळ येतात. ती नुसती धूळ नसते. ओलाव्यावर वाढणारी सूक्ष्म शैवाले आणि बुरशी त्यात असते. ओघळाचे खरवडण पाण्याच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली जरूर दाखवावे. जुन्या बांधकामात छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ एक बारीक खाच ठेवलेली आढळते. पाणी कडेवरून वळून भिंतीकडे सरकू लागले की या खाचेपाशी अडते आणि थेंब होऊन खाली पडते. दोन मजल्यांच्या मधोमध भिंतीबाहेर आलेली पट्टीही हेच काम करते, शिवाय उंच भिंत डोळ्यांना दोन भागांत विभागून देते. जमिनीलगतचे जोते गडद ठेवायचे, कारण पावसाचे शिंतोडे हातभर उंच उडतात. आज आपण ज्याला शोभा म्हणतो, तिचे मूळ असे पुष्कळदा पाण्याच्या वाटेत सापडते.

आणि ऊन? ताजी राखाडी भिंत तिच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश परत फेकते. स्वच्छ पांढरी भिंत तीन चतुर्थांशाच्या आसपास. विदर्भातल्या पश्चिमेकडील भिंतीला हा फरक मे महिन्यात चांगलाच कळतो.

आपल्याकडे सिमेंट

भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाहेर पडू लागले. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज स्थापन झाली. याच दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि पुण्याचे अभियंते रा. श्री. देशपांडे मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त व आरोग्यदायी घरांचे नकाशे असलेली इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध करत होते. वाड्यातून बंगल्यात जाणाऱ्या पिढीला अशा पुस्तकांनी घर कसे दिसावे हेही शिकवले. तरी खेड्यापाड्यांत सिमेंट दुर्मीळच राहिले. ते परमिटवर मिळे. नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. पांढऱ्या सिमेंटचे मोठे कारखाने राजस्थानात निघाले तेही याच दशकात. त्यानंतर गावागावांत राखाडी भिंती दिसू लागल्या, आणि चुन्याच्या घाणीचे दगडी चाक देवळामागे पडून राहिले.

नव्या घराला सिमेंटचा गिलावा शोभतो. काळजीची गोष्ट वेगळी आहे. हाच गिलावा जुन्या भिंतींवर चढवला जात आहे. तळमजला काळ्या दगडाचा व वरचा विटांचा असे वाडे, जांभ्याची घरे, देवळांच्या ओवऱ्या, आणि अशाच इमारतींत भरणाऱ्या शाळा. लग्नकार्य आले, शताब्दी आली, अनुदान मिळाले, की भिंत ‘पक्की’ करण्यासाठी सिमेंट थापले जाते.

या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. त्यांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून बाहेर उडून जाते. हे चक्र शेकडो वर्षे बिनबोभाट चाललेले असते. सिमेंटचा दाट थर लावला की बाहेरची वाट बंद होते. ओल आणखी वर चढते. शिवाय सिमेंट ताठ असते आणि जुनी भिंत ऋतूंप्रमाणे किंचित हलते, त्यामुळे गिलाव्याला बारीक चिरा पडतात. या चिरांतून पावसाचे पाणी आत जाते, पण बाहेर येऊ शकत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार गिलाव्यामागे साठून त्यांचे स्फटिक वाढतात आणि त्या दाबाने विटेचा किंवा जांभ्याचा पृष्ठभाग भुकटी होऊन सुटू लागतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. त्यावर उपाय म्हणून पुन्हा सिमेंटच थापतात! बाहेरून भिंत गुळगुळीत राखाडी दिसते आणि आत पोखरली जाते. लाकडी तुळयांची टोके याच भिंतीत रोवलेली असतात. ती कुजली तर वरचा मजलाच धोक्यात येतो. वर्ग त्या मजल्यावर भरत असेल तर हा नुसता इतिहासाचा विषय राहत नाही.

शाळेची इमारत अशी जुनी असेल तर मुलांना घेऊन भिंत तपासावी. गिलाव्यावर बोटाने टकटक केले की जिथे तो सुटला आहे तिथे पोकळ आवाज येतो. ओल जमिनीपासून किती उंचीपर्यंत आली आहे, हे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पट्टीने मोजून खडूने खूण करावी. लोण्याची भुकटी पाण्यात विरघळवून, गाळून, वाळवून स्फटिक पाहावेत. तुळयांची टोके मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यावीत.

दुरुस्ती अवघड नाही, सावकाश आहे. सिमेंटचा थर हलक्या हाताने उतरवायचा, कारण तो जोराने ओढला तर विटेचा पापुद्राही घेऊन येतो. भिंत निदान एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची. मग चुनकळी विरवून काही आठवडे मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू यांचा गिलावा दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थराला वेळ देऊन चढवायचा, आणि उन्हाने झटकन सुकू नये म्हणून त्यावर ओली तरटे टांगायची. वरून चुन्याचीच सफेदी. भिंत राखाडी हवी असेल तर त्या सफेदीत थोडी कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळतात. ओली असताना ही छटा गडद दिसते आणि वाळल्यावर बरीच फिकी होते, म्हणून आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दोन दिवस थांबायचे असते.